टॉवेल कुणी धरायचा?

ताई, सिंहगड रोडला आमचा फ्लॅट आहे. मुलगा 21 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दीड वर्षापासून त्याचं हात धुणं वाढत गेलं. आता आंघोळीला पावणेदोन तास लागतात. तो बाहेर येतो तेव्हा मी दाराशी टॉवेल घेऊन उभी असते, दोन टोकांना धरून, कारण मध्ये कुणाचा हात लागलेला त्याला चालत नाही. तरी विचारतो, 'आई, मध्ये लागला का?' मी नाही म्हणते. परत विचारतो. परत नाही म्हणते. विंगची टाकी सकाळी नऊलाच रिकामी होते, म्हणून खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात.

तीन ठिकाणी जाऊन आलो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, मेंदूतल्या रसायनांचा प्रश्न आहे, गोळ्या घ्या. तीन आठवडे झाले, काडीचा फरक नाही. बंद कराव्यात का, असं मनात येतंय. कौन्सेलर म्हणाल्या, विचारांची वही लिही. बहिणीनं सुचवलेल्या तिसऱ्या बाईंनी तासभर त्याचं लहानपण विचारलं. माझी नोकरी आणि सासूबाईंचं सोवळं-ओवळं ऐकून त्या नुसतं 'हं' म्हणाल्या. त्या 'हं'नंतर मला झोप नाही. दीर म्हणतात, लाड आहेत सगळे, दोन दिवस पाणी तोडा, सुतासारखा सरळ होईल. सासूबाईंना वाटतं बाहेरचं काहीतरी आहे. पाच जणांची पाच मतं. यातलं खरं कुणाचं? चुकीच्या माणसाचं ऐकलं तर पोराचं वर्ष जाईल. उद्या येरवड्याला न्यायची वेळ येईल का? आणि माझं काही चुकलं का?

– एक आई

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या टॉवेलपाशीच अडकले. त्याच्याकडे परत येते, कारण तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा तो महत्त्वाचा आहे, असं मला वाटतं.

पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये. पण तुम्ही लिहिलेलं सगळं ओसीडीशी जुळतं, म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं, या आजाराशी. आपल्याकडे याला पूर्वीपासून मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरांच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते एकदा बघा, आणि समजलं नाही तर सरळ विचारा. निदानाचं नाव कळणं हा तुमचा आणि मुलाचा हक्क आहे.

आता ती पाच मतं. तुम्हाला वाटतंय की त्यातलं एक खरं आणि बाकीची खोटी. पण ही माणसं एकाच प्रश्नाची पाच उत्तरं देत नाहीयेत. कुणी सांगतंय आजार कशानं सुरू झाला असेल, कुणी सांगतंय तो कशानं टिकून राहिलाय, कुणी सांगतंय या क्षणी मेंदूत काय चाललंय. 'कशानं सुरू झालं' आणि 'कशानं टिकलंय' हे दोन प्रश्न जोपर्यंत तुमच्या मनात एकमेकांत गुंतलेत, तोपर्यंत तुम्हाला झोप लागणार नाही. उपचार बव्हंशी दुसऱ्या प्रश्नावर चालतात.

आधी त्या 'हं'बद्दल बोलू, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त लागलाय.

तिसऱ्या बाई ज्या वाटेनं विचार करतात तिची सुरुवात व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडपासून झाली. 1909 मध्ये त्यानं एका तरुण वकिलाची केस प्रसिद्ध केली. आपल्या जवळच्या माणसांना उंदरांकरवी भयंकर शिक्षा होईल, हा विचार त्या तरुणाच्या डोक्यातून जात नव्हता, आणि तो टाळण्यासाठी तो नाना कृती करत बसायचा. फ्रॉइडच्या मते, वडिलांबद्दलचं प्रेम आणि दाबून टाकलेला राग यांची ओढाताण त्या विचारांच्या मुळाशी होती. आपल्या देशातही हे विचार लवकर पोचले. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषणाची, म्हणजे फ्रॉइडच्या या पद्धतीची, संस्था काढली होती. या परंपरेचं मोठं ऋण आहे. माणूस वेडंवाकडं वागतो त्यालाही काही अर्थ असतो, तो शांतपणे ऐकून घ्यावा लागतो, हे तिनं डॉक्टरांना शिकवलं. कुणाच्या मनात जुनी दुखणी साचलेली असतील, नाती पुन्हापुन्हा त्याच जागी मोडत असतील, तर मी आजही याच वाटेनं जाणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाठवते.

पण मंत्रचळाच्या बाबतीत मला या वाटेचा वेगळा अनुभव आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणीबरोबर मी आठ महिने तिचं लहानपण उलगडत बसले. दर आठवड्याला काहीतरी नवं सापडायचं, आम्हा दोघींनाही बरं वाटायचं. ती माझ्या खोलीत यायची ती रुमालानं दाराची कडी धरून, आणि जाताना पुन्हा रुमालानंच कडी धरून जायची. आठ महिने ती कडी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाही. ते माझं चुकलं, आणि त्याची किंमत तिनं मोजली. आजार कुठून आला हे कळलं म्हणजे तो जातोच असं नाही, हे मी त्या मुलीकडून शिकले.

सासूबाईंच्या सोवळ्यानं मंत्रचळ होत नाही. तसं असतं तर पेठांमधल्या आपल्या आज्यांच्या हाताखाली वाढलेल्या पिढ्या अशाच नळाखाली उभ्या दिसल्या असत्या. भोवतालची संस्कृती या आजाराला विषय पुरवते. कुणाला जंतूंची भीती, कुणाला विटाळाची, कुणाला गॅसच्या बटणाची, कुणाला देवाबद्दल मनात येणाऱ्या अभद्र शब्दांची. आजार मात्र तोच. सोवळं आणि मंत्रचळ यांतला फरक तुम्हाला घरातच दिसेल. सोवळ्याला शेवट असतो. सासूबाई आंघोळ करतात, सोवळं नेसतात, पूजा-नैवेद्य झाला की ते उतरवून भाजी निवडायला बसतात. तुमच्या मुलाच्या धुण्याला तो 'झालं' म्हणण्याचा क्षणच येत नाही. तुम्ही नोकरी केलीत म्हणूनही हे झालेलं नाही. रक्ताच्या नात्यात हा आजार जास्त आढळतो, म्हणजे त्याला अनुवंशाचा धागा आहे; पण त्यातही कुणाची चूक शोधता येत नाही.

आता दीर. त्यांचा सल्ला ऐकू नका. पण आपण का ऐकत नाही हे समजून घ्या, कारण ते नकळत एका खऱ्या गोष्टीच्या जवळ गेलेत.

धुतल्यावर काय होतं ते बघा. त्याचा हात कडीला लागतो. भीती वर चढते. तो हात धुतो, भीती झटकन उतरते. सुटका झाली! मेंदू नोंद करतो: धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती थोडी लवकर चढते आणि धुणं थोडं लांबतं. भीती शिकली जाते तशी न शिकलेलीही करता येते, हा धागा पावलॉव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी पकडला. पण मंत्रचळावर तो नीट लागू झाला 1966 मध्ये, व्हिक्टर मेयर या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाच्या हातून. बाकी सगळे उपाय थकलेल्या दोन रुग्णांना त्यानं रुग्णालयात ठेवलं, ज्याची भीती वाटते त्याच गोष्टीला हात लावायला लावला, आणि धुण्यापासून, पुन्हापुन्हाच्या कृतींपासून रोखलं. कर्मचारी सोबत असायचे. दोघांतही चांगली सुधारणा झाली. तोवर मंत्रचळ म्हणजे जवळजवळ असाध्य असंच डॉक्टर धरून चालत. आज या पद्धतीला ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, टिकते, आणि न धुताच हळूहळू ओसरते. न ओसरली तरी माणसाला कळतं की ती सोसता येते. पहिल्यांदा हे अनुभवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य येतं ते मी खूप वेळा पाहिलंय.

मग पाणी तोडलं तर काय बिघडलं? सगळंच बिघडलं. ईआरपीत पायऱ्या मुलगा स्वतः ठरवतो. सगळ्यात कमी भीतीची गोष्ट तळाशी, सगळ्यात जास्त भीतीची वर. सुरुवात तळापासून, शिकलेल्या माणसाच्या सोबतीनं, त्याच्या होकारानं. पाणी तोडलं तर तो पिण्याच्या बाटल्यांनी धुवेल, कॉलेजात जाऊन धुवेल, किंवा खोलीतून बाहेरच येणार नाही, आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. दिरांना हे समजावून सांगा. चिडून बोलत असले तरी त्यांना काळजी आहे, आणि पुढे त्यांचा उपयोग होईल.

कौन्सेलरबाईंची वही ही तिसरी वाट. अमेरिकेत अॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस हे दोघंही आधी मनोविश्लेषणच शिकलेले. दोघंही त्यातून बाहेर पडले ते एकाच प्रश्नानं. माणसाला घटना त्रास देते की तिचा त्यानं लावलेला अर्थ? एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून चांगली ओळखीची आहे. मंत्रचळापुरतं सांगायचं तर 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. रुग्णांच्या मनात येतात तसले विचित्र, नकोसे विचार धडधाकट माणसांच्याही मनात येतात. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना 'उडी मारली तर?' हे तुमच्याही मनात कधीतरी चमकून गेलं असेल. तुम्ही ते सोडून दिलंत. मंत्रचळ असलेला माणूस ते सोडत नाही. हा विचार मला आला म्हणजे त्याची जबाबदारी माझी, माझ्या हातून कुणाला काही झालं तर दोषी मी, असं त्याला वाटतं. पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये या अवास्तव जबाबदारीच्या भावनेवर बोट ठेवलं. तुमच्या मुलाला एकदा शांतपणे विचारा, 'टॉवेलच्या मध्ये हात लागला तर नक्की काय होईल?' माझा अंदाज आहे, उत्तरात तो स्वतः नसेल; तुम्ही असाल, आजी असेल.

वहीचा उपयोग आहे, पण एक धोकाही आहे. 'जंतू खरंच किती वेळ जगतात' असा वाद स्वतःशी घालत बसणं हेही एक धुणंच होऊन बसतं, मनातल्या मनातलं. नुसती वही चालली असेल आणि प्रत्यक्ष कडीला हात लावणं कुठेच नसेल, तर कौन्सेलरबाईंना स्पष्ट विचारा: 'तुम्ही ईआरपी करता का? किती जणांबरोबर केलंय?' त्या नाही म्हणाल्या तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ज्या करतात त्यांचं नाव त्यांनाच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना त्यांची नोंदणी आहे ना, हेही बघून घ्या. प्रेमानं ऐकून घेणारं माणूस हवंच, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर तेच सांगितलं. पण या आजारात नुसत्या ऐकण्यानं भागत नाही.

आणि गोळ्या. बंद करू नका. मनानं तर नाहीच. ओसीडीत या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि डोसही नैराश्याच्या डोसापेक्षा बरेचदा वरचा लागतो. तीन आठवड्यांत निकाल लावायचा नसतो. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं आणि किती तरी घरांत औषध चौथ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातं. नको वाटलं तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत थांबवायचं. आणखी एक: पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढणं, जीव नकोसा वाटणं असं क्वचित दिसतं. तसं काही जाणवलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. रात्री-अपरात्री कुणीच मिळालं नाही तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

'रसायनांचा प्रश्न' हे मात्र फार संक्षिप्त उत्तर झालं. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांनी बरं वाटतं, यावरून सेरोटोनिन कमी पडल्यामुळेच आजार झाला असं सिद्ध होत नाही. मेंदूतली काही वर्तुळं, धोक्याची सूचना देणारी आणि काम पुरं झालं की ती थांबवणारी, या आजारात एकसारखी चालू राहतात असं दिसतं. इथे मला माझा सगळ्यात आवडता अभ्यास सांगायचाय. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीडीच्या रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन उपचारांच्या आधी आणि नंतर काढले. काहींना फक्त गोळी, फ्लुओक्सेटिन. काहींना गोळी अजिबात नाही, फक्त वर्तनोपचार. रुग्ण थोडे होते. पण जे सुधारले त्यांच्या मेंदूत, कॉडेट नावाच्या भागात, सारखाच बदल दिसला. गोळी घेतलेल्यांच्यातही, आणि भीतीला सामोरं गेलेल्यांच्यातही.

म्हणजे 'मेंदूचा आजार की मनाचा', या वादात तुम्ही पडायचं कारण नाही. कडीला हात लावून तो न धुता बसून राहतो तेव्हा मेंदूवरच काम चाललेलं असतं. गोळीनं भीती थोडी खाली येते, पायरी चढायला बळ मिळतं. तुमच्या मुलाचा त्रास ज्या टप्प्यावर आहे, दिवसाचे इतके तास, कॉलेजवर परिणाम, तिथे मी दोन्ही बरोबर चालू ठेवा असंच म्हणेन. डॉक्टर आणि ईआरपी करणारी व्यक्ती यांनी एकमेकांशी बोलावं असा आग्रहही धरा. 1977 मध्ये जॉर्ज एंगेल नावाच्या डॉक्टरनं शरीर, मन आणि समाज तिन्ही मिळून आजाराकडे बघा असं मांडलं. पाठ्यपुस्तकात ते सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण तीन वेगळ्या दवाखान्यांत ते जुळवून आणायचं काम शेवटी आईवरच पडतं.

येरवड्याबद्दल. या आजारात भरती करण्याची वेळ फार क्वचित येते, त्यामुळे ती भीती मनातून काढा. खासगीतला खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी नातवासाठी जप करावा, अंगारा लावावा, त्यांच्या मनाला आधार मिळेल. पण 'बाहेरचं' काढणाऱ्या कुणाकडे न्यायचं नाही, इथे ठाम राहा. अंगात आलंय म्हणून मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा 2013 पासून आपल्या राज्यात गुन्हा आहे. तितकं टोकाचं काही घडलं नाही तरी ज्या पोराला आधीच 'माझ्यामुळे घरावर काहीतरी येईल' असं वाटतं, त्याच्या मनात आणखी एक भीती पेरली जाईल.

आता टॉवेल.

तुम्ही दाराशी उभ्या राहता, दोन टोकं धरून. तो विचारतो, तुम्ही 'नाही लागला' म्हणता, त्याचा जीव भांड्यात पडतो. हात धुतल्यावर होतं तेच इथं होतंय, फक्त साबणाच्या जागी तुम्ही आहात. म्हणून तर तो परत विचारतो. जगभर ओसीडीच्या घरांत हे दिसतं. कुणी नळ सोडून देतं, कुणी वेगळं साबण आणतं, कुणी दहा वेळा 'गॅस बंद आहे रे बाळा' म्हणतं. हे लाड नव्हेत. पोर समोर तळमळतंय तर कुठली आई टॉवेल धरणार नाही? आजार कशानं सुरू झाला त्यात तुमचा हात नाही. पण तो ज्या गोष्टींवर टिकून आहे त्यातली ही एक आहे, आणि ती तुमच्या हातात आहे, हे वाचून दोषी वाटून घेऊ नका. पाचही जणांनी सांगितलेल्यात तुम्हाला स्वतःला करता येण्यासारखं एवढंच काम आहे.

पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. उपचार बघा, शिका, घरी घेऊन जा. आपल्या देशात घराला उपचारात असं मानानं बसवण्याची रीत जुनी आहे. तेव्हा पुढच्या सेशनला तुम्हीही आत बसा. 'घरी आम्ही काय करायचं आणि काय थांबवायचं' हे त्याच्यासमोरच ठरू द्या.

एकदम काही थांबवू नका, आणि त्याला न सांगता तर काहीच नाही. शांत वेळ बघा, आंघोळीच्या आधीची नको, रात्री जेवणं झाल्यावरची. त्याला म्हणा, 'तू विचारतोस आणि मी नाही म्हणते, त्यानं तुला दोन मिनिटं बरं वाटतं आणि त्रास वाढतो, असं मी वाचलं. तुलाही तसं वाटतं का?' तो हो म्हणेल. या मुलांना स्वतःला सगळं कळत असतं, तेच तर त्यांचं दुःख असतं. मग दोघं मिळून ठरवा. पहिल्या आठवड्यात टॉवेल तुम्हीच धरायचा, पण उत्तर एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं की काय म्हणायचं ते वाक्य त्यालाच निवडू द्या. 'तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे' एवढं पुरे. तो चिडेल, कदाचित रडेल, पुन्हा आत जाऊन नळ सोडेल. त्या दिवशी ओरडू नका आणि हरलो असंही समजू नका. वेळ किती लागला तेवढा वहीत लिहून ठेवा, कौन्सेलरबाईंनी दिलेल्याच वहीत.

एकदा उत्तर देणं जमलं की बाथरूमच्या बाहेर एक खुंटी ठोकून घ्या. टॉवेल तिथे लावायचा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, दोघांचा.